येऊरच्या झुडपातला खेकडा कोळी खरंच नवा आहे का? नमुन्यापासून नावापर्यंत

घाणेरीच्या फुलावर मधमाशी उलटी लटकलेली दिसली आणि बराच वेळ हलली नाही, तर पाकळ्यांच्या आड बघावं. पुढचे चार पाय पसरून, तिला मानेपाशी धरून बसलेला पांढरा किंवा पिवळा कोळी तिथे हमखास सापडतो. हा खेकडा कोळी, कुल थॉमिसिडी. जगभरात या कुलाच्या दोन हजारांहून जास्त जाती नोंदलेल्या आहेत, आणि ठाण्याच्या पश्चिमेला येऊर-मानपाड्याच्या जंगलात किंवा नवी मुंबईच्या पारसिक डोंगरावर पावसाळ्यात अर्धा दिवस काढला तरी त्यांची चार-पाच वेगवेगळी रूपं दिसतात. त्यातलं एखादं आजवर कुणी वर्णन न केलेलं असू शकतं. पण ‘पुस्तकात सापडत नाही’ आणि ‘विज्ञानाला नवीन आहे’ यांच्यात मोठं अंतर आहे. ते अंतर कापायचं कसं, हे इथे क्रमाने सांगितलं आहे. यातला सर्वांत कमी वेळ कोळी शोधण्यात जातो आणि सर्वांत जास्त जुनी वर्णनं चाळण्यात. तयारी त्याच हिशेबाने करावी.

आधी कुल पक्कं करा

खेकडा कोळ्याच्या पायांची पहिली आणि दुसरी जोडी तिसऱ्या-चौथ्यापेक्षा लांब आणि दणकट असते. पाय बाजूला वळलेले असल्यामुळे तो आडवा चालतो. डोळे आठ, चार-चारच्या दोन रांगांत. कडेचे डोळे सहसा मधल्यांपेक्षा मोठे आणि उंचवट्यांवर बसलेले. पायाच्या टोकाला दोन नख्या. भक्ष्य धरायला जाळं विणत नाही. सर्वांत जास्त घोटाळा होतो तो फिलोड्रोमिडी कुलाशी. तेही चपटे आणि आडवे चालणारे. पण त्यांच्या पायांच्या दोन पुढच्या जोड्या मागच्यांपेक्षा ठळकपणे दणकट नसतात, बहुतेकांत दुसरी जोडी सर्वांत लांब असते, डोळे उंचवट्यांवर नसतात आणि पायांच्या टोकाला दाट केसांचा गुच्छ असतो. घराच्या भिंतीवरचा मोठा चपटा तपकिरी कोळी तर स्पॅरासिडी कुलातला. तो या यादीत येतच नाही.

कुल ठरलं की जीनस, म्हणजे कुलातला जवळच्या जातींचा गट. आपल्या भागात फुलांवर थॉमिसस असतो, त्याच्या डोक्याच्या दोन्ही कोपऱ्यांना शिंगासारखी टोकं असतात. गवताच्या पात्याला लांबट रुन्सिनिया, पानाच्या खालच्या बाजूला पाय लांब करून चिकटलेला हिरवा ऑक्सिटेट, काटकीला बिलगून बसणारा टमॅरस, पानावर पक्ष्याच्या विष्ठेचं सोंग घेणारा फ्रिनॅराक्नी, केशरी-लाल शिरोवक्षाचा (डोकं-छाती एकत्र असलेल्या पुढच्या भागाचा) कॅमॅरिकस. झाडावर पानं शिवून घर करणाऱ्या लाल मुंग्यांच्या आसपास अमायसिया शोधावा, तो त्या मुंग्यांचंच रूप घेतो. लांब सडपातळ पायांचा एपिडियस ओलसर सावलीत. जीनस चुकला तर पुढची सगळी तुलना चुकीच्या टोळीशी होते. त्यामुळे इथे घाई नको.

परवानगी

येऊर हे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ प्रमाणे राष्ट्रीय उद्यान किंवा अभयारण्यातून कुठलाही जीव उचलायचा तर राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांची लेखी परवानगी लागते. कोळ्याचं नाव कायद्याच्या अनुसूचीत नाही, एवढ्यावर सुटका होत नाही. अर्जात संस्थेचं पत्र, जागा, कालावधी, पद्धत, दर जातीचे किती नमुने घेणार आणि शेवटी ते कुठे ठेवणार हे स्पष्ट लिहा. ‘आवश्यकतेनुसार’ असा मोघम शब्द अर्ज परत यायला पुरेसा आहे. एका जातीचे पाच नर आणि पाच माद्या हा वाजवी आकडा. राखीव वनासाठी संबंधित वनविभाग, खासगी जागेसाठी मालकाची लेखी संमती. बहुतेक नियतकालिकं हस्तलिखितात परवानगीचा क्रमांक मागतात. नंतर काढू म्हटलं तर मागच्या तारखेची परवानगी कुणी देत नाही.

कॉलेजशी जोडलेलं नसेल त्याने आधी एखाद्या प्राणिशास्त्र विभागाशी बोलून घ्यावं. परवानगी, मायक्रोस्कोप आणि अल्कोहोल या तिन्ही अडचणी तिथेच सुटतात. शुद्ध इथेनॉल दुकानात जाऊन सहज मिळत नाही, त्याला उत्पादन शुल्क खात्याची कागदपत्रं लागतात.

गोळा करणं

झुडपासाठी सर्वांत कामाचं साधन म्हणजे फिकट रंगाची छत्री. उलटी धरायची, फांदीवर काठीने दोन-तीन जोरदार फटके मारायचे आणि लगेच आत पाहायचं. थॉमिसिडी पडल्यावर पाय आखडून काही क्षण मेल्यासारखे पडून राहतात, तेवढ्यात बाटली लावायची. काळ्या छत्रीत तपकिरी टमॅरस दिसत नाही. पाऊस नुकताच थांबला असेल तर कापडावर पाणी साचतं आणि लहान नर त्यात चिकटून मोडतात. पानं निथळेपर्यंत थांबणं बरं. गवतासाठी झाडल्यासारखी फिरवायची जाळी, जमिनीवरच्या जातींसाठी पाचोळा चाळणं. रात्री टॉर्चच्या उजेडात लांडगा कोळ्याचे डोळे जसे चमकतात तसे यांचे चमकत नाहीत. पानापानावर नजर फिरवावी लागते.

प्रत्येक कोळी वेगळ्या बाटलीत. दोन एकत्र ठेवले तर संध्याकाळी एकच उरतो.

इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी: वर्णनासाठी प्रौढ नमुनाच लागतो. मादीच्या पोटाखाली, पुढच्या बाजूला, कडक गडद पट्टी म्हणजे एपिजाइन स्पष्ट दिसली तर ती प्रौढ. नराच्या तोंडापाशी जे दोन छोटे पायांसारखे अवयव असतात, ते पाल्प. त्यांचं टोक नुसतं गुळगुळीत फुगलेलं असेल तर तो एक कात दूर आहे. टोकात वळ्या, काटे आणि चकती दिसली तर प्रौढ. अपूर्ण वाढीचा नमुना मारून काहीच हाती लागत नाही. तो ५० मिलिलिटरच्या, झाकणाला बारीक छिद्रं पाडलेल्या डबीत वाढवा. ओला कापसाचा बोळा, एक काटकी आणि आठवड्यातून दोनदा फळमाश्या. पिकलेलं केळं उघड्या बरणीत दोन दिवस ठेवलं की ठाण्याच्या हवेत फळमाश्यांची टंचाई नसते. कापूस फार ओला ठेवू नका, बुरशी कोळ्याच्या आधी वाढते. शेवटची कात टाकल्यावर किमान चार-पाच दिवस थांबा; लगेच अल्कोहोलमध्ये टाकला तर अंग मऊ असल्याने उदर सुरकुततं आणि एपिजाइनच्या कडा नीट दिसत नाहीत. टाकलेली कात त्याच नमुन्याच्या लेबलासह जपा.

मारण्याआधी जिवंत फोटो: वरून, समोरून, बाजूने आणि खालून. ऑक्सिटेटचा हिरवा रंग अल्कोहोलमध्ये गेल्यावर उतरतो आणि उरतो तो फिक्कट पिवळा. वर्णनात ‘जिवंतपणी’ आणि ‘अल्कोहोलमध्ये’ असे दोन रंग वेगळे द्यावे लागतात, आणि पहिला फक्त फोटोतच उरतो.

अल्कोहोल आणि लेबल

बाह्यरचनेसाठी ७० ते ७५ टक्के इथेनॉल. ९५ टक्क्यांच्या ७३७ मिलिलिटरमध्ये ऊर्ध्वपातित पाणी घालून एक लिटर केलं की ७० टक्के होतं. याहून तीव्र ठेवलं तर सांधे कडक होतात आणि पाय हलवताना तुटतात. डीएनएसाठी मात्र उलट, तिथे शुद्ध इथेनॉल आणि थंडी लागते; म्हणून उजवा तिसरा पाय सुरुवातीलाच कापून वेगळ्या कुपीत, शुद्ध इथेनॉलमध्ये, डीप फ्रीझरात. दोन्ही कुप्यांवर एकच क्रमांक. कोळ्याच्या अंगातलं पाणी अल्कोहोल पातळ करतं, म्हणून २४ तासांनी ते बदलायचं. हातावर चोळायचं सॅनिटायझर किंवा रंगकामाचं निळसर स्पिरिट वापरू नये.

ठाण्याच्या उन्हाळ्यात साध्या झाकणाच्या बाटल्यांतून अल्कोहोल उडतं. दर सहा महिन्यांनी पातळी पाहावी. वाळलेला नमुना परत फुगवता येतो, पण मूळ आकार येत नाही.

लेबल बाटलीच्या आत. बाहेर चिकटवलेलं लेबल पहिल्याच सांडलेल्या अल्कोहोलने पुसलं जातं. जाड, आम्लरहित कागदावर पेन्सिल किंवा पिगमेंट शाईचं पेन. बॉलपेनची शाई विरघळते, साध्या लेझर प्रिंटची अक्षरं कालांतराने सुटून तळाशी बसतात. मजकूर रोमन लिपीत: देश, राज्य, जिल्हा, नेमकी जागा, अक्षांश-रेखांश, उंची, तारीख, संग्राहक, पद्धत, झाड. अक्षांश दशांश अंशात चार स्थळांपर्यंत द्यावेत, म्हणजे अचूकता सुमारे ११ मीटर. नुसतं १९.२ लिहिलं तर वागळे इस्टेट आणि येऊरचं जंगल एकाच ठिपक्यात येतं. तारखेतला महिना रोमन अंकात लिहायची पद्धत आहे, तीच पाळा. ५/८ म्हणजे ऑगस्ट की मे, हे परदेशी वाचकाला कळत नाही.

मोजमाप

झूम स्टिरिओ मायक्रोस्कोप, एका नेत्रिकेत मोजपट्टी, आणि ती जुळवायला एक मिलिमीटरचे शंभर भाग पाडलेली काचपट्टी. नेत्रिकेतले ४० भाग एका मिलिमीटरवर बसले तर एक भाग ०.०२५ मिलिमीटर. हे गणित प्रत्येक झूमला वेगळं येतं, आणि झूमची चकती किंचित सरकली तरी बिघडतं. म्हणून दोन-तीनच ठरावीक विशालनं निवडावीत आणि त्यांचे गुणक मायक्रोस्कोपवरच चिकटवून ठेवावेत.

काय मोजायचं: शरीराची एकूण लांबी (तोंडाचे विषदंत आणि मागचे रेशीम सोडणारे अवयव सोडून), शिरोवक्षाची लांबी-रुंदी, उदराची लांबी-रुंदी, आठही डोळ्यांचे व्यास, डोळ्यांमधली अंतरं, मधल्या चार डोळ्यांच्या चौकोनाची लांबी आणि पुढची-मागची रुंदी, पुढच्या डोळ्यांपासून कपाळाच्या कडेपर्यंतची उंची. मग प्रत्येक पायाचे भाग, मुळाकडून टोकाकडे: फीमर, पटेला, टिबिया, मेटाटार्सस, टार्सस. लिहायची रीत अशी: ५.२ (१.६, ०.७, १.३, १.०, ०.६). कंसातली बेरीज बाहेरच्या आकड्याशी जुळते का, हे परीक्षक पहिल्यांदा तपासतो. पाल्पला मेटाटार्सस नसतो, तिथे चारच आकडे. पहिल्या-दुसऱ्या पायाच्या टिबिया आणि मेटाटार्ससच्या खालच्या बाजूचे काटे जोड्यांनी मोजा. थॉमिसिडीत ते उपयोगी पडतात, पण गळून पडतात, म्हणून तुटलेल्या काट्याची खाचसुद्धा मोजणीत धरायची.

मोजताना मोजायचा भाग भिंगाला समांतर हवा. तिरपा फीमर दहा टक्के आखूड भरतो आणि मग तुमचा ‘आखूड पायांचा’ कोळी नवीन वाटू लागतो. पेट्रीडिशच्या तळाशी धुतलेली बारीक वाळू पसरून, वर अल्कोहोल ओतून, त्यात नमुना हवा तसा टेकवता येतो.

खरी ओळख: पाल्प आणि एपिजाइन

थॉमिससची मादी फुलाप्रमाणे पांढरी-पिवळी होऊ शकते. रंग बदलायला काही दिवस लागतात, पण बदलतो. नर तिच्या तुलनेत इवलासा आणि रंगाने अगदी वेगळा. एकाच अंडकोशातून निघालेल्या पिल्लांच्या पाठीवरची नक्षीही वेगळी येते. म्हणून रंगावर जाती ठरवू नये. ज्या अवयवांनी ते जोडी करतात ते अवयव बघायचे.

नराचा डावा पाल्प, ही सर्वसाधारण रूढी. डावा मोडला असेल तर उजवा घेऊन चित्र आरशातल्यासारखं उलटवा आणि तसं मजकुरात लिहा. पाल्प फीमरपाशी अलगद काढून तीन बाजूंनी पाहायचा: आतून, खालून, बाहेरून. टिबियावर थॉमिसिडीत सहसा दोन प्रवर्ध असतात, बाहेरच्या बाजूचा आरटीए आणि खालचा व्हीटीए. त्यांची लांबी, टोकाचं वळण, टोक अखंड की दुभंगलेलं, मुळाशी दात आहे का, हे सगळं टिपा. चकतीसारखा टेग्युलम, त्याच्या कडेने फिरणारी शुक्रनलिका, आणि टोकाला एम्बोलस, म्हणजे मादीत शुक्राणू सोडणारा बारीक काटा. एम्बोलस घड्याळाच्या कोणत्या आकड्यापाशी सुरू होतो आणि किती फेरा घेतो, हे घड्याळाच्या भाषेतच लिहिण्याची पद्धत आहे आणि ती उत्तम आहे. पाल्प जरासा फिरला तरी आरटीएचा आकार बदलल्यासारखा दिसतो. कितीतरी ‘फरक’ हे निव्वळ कोनाचे असतात. तुलनेच्या चित्रात पाल्प ज्या कोनात आहे त्याच कोनात आपला ठेवून मगच बोलावं.

मादीसाठी एपिजाइन आधी जागेवरच, खालून, फोटो काढून घ्यावा. मग बारीक कीटकसुई आणि धारदार चिमट्याने भोवतीची कातडी चारी बाजूंनी कापून ती पट्टी उचलायची. कडेला अर्धा मिलिमीटर मोकळा सोडा, आत स्पर्मथीका, म्हणजे शुक्राणू साठवणाऱ्या पिशव्या, अपेक्षेपेक्षा रुंद पसरलेल्या असतात. ऊती काढायला १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइड, म्हणजे १० ग्रॅम गोळ्या पाण्यात विरघळवून १०० मिलिलिटर. गोळ्या पाण्यात टाकायच्या, हातमोजे घालून. द्रावण आपोआप तापतं. खोलीच्या तापमानाला काही तास, कोमट केलं तर पाच-दहा मिनिटं, दर दोन मिनिटांनी पाहत. जास्त वेळ ठेवलं तर पातळ नळ्यांच्या भिंती इतक्या पारदर्शक होतात की दिसेनाशा होतात, आणि ते परत फिरवता येत नाही. मग पाण्यात धुऊन, अल्कोहोलमधून नेऊन, लवंग तेलाच्या थेंबात आतल्या, म्हणजे पाठीकडच्या, बाजूने पाहायचं. मिलनछिद्रं कुठे उघडतात, मिलननलिका किती लांब आणि किती वळ्यांच्या, स्पर्मथीका गोल की मूत्रपिंडाच्या आकाराच्या, फलननलिका कुठून निघतात. पुष्कळ जुन्या वर्णनांत फक्त बाहेरची पट्टी काढलेली आहे, आतली रचना नाही. म्हणून बाहेरचाही स्वच्छ फोटो लागतोच. काही माद्यांत मिलनानंतर छिद्रांवर गडद बूच बसतं. ते सुईने काढल्याशिवाय ‘या जातीला छिद्रंच नाहीत’ असं कुणी लिहू नये. काम संपलं की एपिजाइन लहान कुपीत, ती कुपी त्याच नमुन्याच्या बाटलीत.

फोटो वेगवेगळ्या खोलीवर २० ते ४० घेऊन संगणकावर एकत्र जोडायचे. जोडलेल्या फोटोत केसांच्या कडेला खोटी वलयं येतात, म्हणून मुख्य भागांचं रेखाटनही हवंच. रेखाटन करताना डोळा जे सोडून देतो ते हात पकडतो. प्रत्येक चित्रात मोजपट्टी: अख्ख्या शरीराला १ मिलिमीटर, जननेंद्रियांना ०.१ किंवा ०.२.

जुन्यांशी तुलना

इथे बहुतेक ‘नव्या’ जाती गळतात. बर्नच्या निसर्ग-इतिहास संग्रहालयाचा वर्ल्ड स्पायडर कॅटलॉग नेटवर खुला आहे. नोंदणी केली की मूळ लेखांच्या फाइलीही मिळतात. कोळ्यांची वैध नावं १७५७ पासून सुरू होतात, त्यामुळे ‘खूप जुनं आहे’ ही सबब चालत नाही. आपल्या जीनसची अख्खी यादी काढा. भारतापुरती मर्यादित ठेवू नका. श्रीलंका, म्यानमार, थायलंड, दक्षिण चीन हे सगळं धरा. पश्चिम घाटातली बरीच थॉमिसिडी पूर्वेकडेही पोचलेली आहे, आणि ठाण्यातला ‘नवा’ कोळी शंभर वर्षांपूर्वी ब्रह्मदेशातून वर्णन झालेला निघतो.

एक तक्ता करा: प्रत्येक जातीसमोर नर माहीत आहे का, मादी माहीत आहे का, चित्रं कुठल्या वर्षाची, मूळ नमुना कुठे. भारतीय खेकडा कोळ्यांवरचा मुख्य आधार अजूनही कोळीतज्ज्ञ बी. के. टिकादर यांचा १९८० चा फौना ऑफ इंडियातला खंड आहे. त्या काळच्या मानाने प्रचंड काम, पण त्यातल्या अनेक जाती एकाच लिंगावरून वर्णन झाल्या आणि आतल्या रचनेची रेखाटनं साधी आहेत. म्हणजे तुमच्याकडे फक्त नर असेल आणि जीनसमध्ये फक्त मादीवरून माहीत असलेल्या चार जाती असतील, तर तुमचा नर त्या चौघींपैकी एकीचा जोडीदार असण्याची शक्यता आधी खोडावी लागते. मूळ ठिकाणाहून दोन्ही लिंगं मिळवणं, मिलन होताना पकडलेली जोडी, अंडकोशातून वाढवलेली भावंडं, किंवा डीएनए, एवढेच मार्ग. ‘एकाच झुडपावर सापडले’ हा दुबळा पुरावा. एका घाणेरीवर थॉमिससच्या दोन जाती आरामात राहतात.

डीएनएसाठी नेहमीचा भाग सीओआय जनुकाचा ६५८ बेसचा तुकडा. नर-मादी जुळवायला तो उत्तम. पण अमुक टक्के फरक म्हणजे नवी जाती, असा आकडा कोळ्यांत नाही. शिवाय जुन्या जातींचा डीएनए क्रम उपलब्ध नसेल तर तुलना कुणाशी करणार? रचनेत फरक दिसत नसताना निव्वळ क्रमावर नाव देणं आम्हाला उतावीळपणाचं वाटतं.

कागदावर निर्णय होत नसेल तर मूळ नमुना पाहावा. भारतातले बरेचसे कोलकात्याच्या भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेत, राष्ट्रीय संग्रहात आहेत. संस्थेचं पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आकुर्डीला आहे, तिथे आधी विचारून पाहा. युरोपातल्या संग्रहालयांना फोटोची विनंती करता येते. नेमक्या कोनाचं रेखाटन जोडून मागितलं तर उपयोगाचं उत्तर येतं, ‘सगळे फोटो पाठवा’ म्हटलं तर येत नाही. काही मूळ नमुने हरवलेत, काही अपूर्ण वाढीचे आहेत. अशा संशयास्पद नावांबद्दल लेखात एक वाक्य तरी लिहावंच लागतं.

तुलनेनंतर कोळी जुनाच निघाला तर काम वाया गेलं असं नाही. महाराष्ट्रातली पहिली नोंद, किंवा आजवर अज्ञात नराचं वर्णन, हेही छापण्यासारखं आहे. आणि एखाद्या डळमळीत नव्या नावापेक्षा पुढच्या माणसाला जास्त उपयोगी.

लिहायचं कसं

प्राणिनामांची आंतरराष्ट्रीय संहिता, चौथी आवृत्ती, १ जानेवारी २००० पासून लागू आहे. नाव वैध ठरायला चार गोष्टी चुकवता येत नाहीत: नाव नवीन असल्याचा स्पष्ट उल्लेख, इतर जातींपासून वेगळेपण दाखवणारी लक्षणं शब्दांत, एक होलोटाइप (नाव ज्याला बांधलेलं असतं तो मूळ नमुना) स्पष्टपणे ठरवणं, आणि तो कोणत्या संग्रहात ठेवला आहे किंवा ठेवला जाईल त्याचं विधान. होलोटाइप एकच असतो. ‘एक नर आणि एक मादी होलोटाइप’ असं लिहिलेली हस्तलिखितं अजूनही येतात. पूर्ण, न मोडलेला नमुना निवडा, शक्यतो त्याच लिंगाचा ज्यावरून जवळच्या जाती माहीत आहेत. बाकीचे पॅराटाइप.

सगळ्या लेखाचा कणा म्हणजे ‘निदान’ (डायग्नोसिस) हा तीन-चार ओळींचा परिच्छेद. त्यात वर्णन नको, तुलना हवी. ‘आरटीए लांब, एम्बोलस वक्र’ हे निदान नाही. ‘अमुक जातीशी सर्वांत जवळची, तिच्यात आरटीएचं टोक दुभंगलेलं, हिच्यात अखंड आणि खाली वळलेलं, तिच्यात मिलननलिकेच्या दोन वळ्या, हिच्यात एक’ हे निदान. प्रत्येक फरकापुढे आपल्या आणि तिच्या दोन्ही चित्रांचा क्रमांक. ‘किंचित’, ‘साधारण’, ‘तुलनेने’ हे शब्द तीनदा आले तर फरक खरा आहे का, हे परत तपासायला मायक्रोस्कोपपाशी जावं.

निदानानंतर वर्णन, तारेच्या भाषेत: शिरोवक्ष, डोळे, विषदंत, पाय, उदर, जननेंद्रियं. मग इतर नमुन्यांतला फरक, आकारांचा पल्ला, प्रसार, अधिवास. प्रसारात ‘पश्चिम घाट’ लिहू नका, जर तो फक्त येऊरला सापडला असेल. झाडाचं नाव, जमिनीपासूनची उंची, महिना, सोबत पकडलेलं भक्ष्य हे लिहिणारे थोडे आहेत, आणि नंतर त्याच ओळी सर्वांत जास्त वाचल्या जातात.

नाव

विशेषण असेल तर जीनसच्या लिंगाप्रमाणे शेवट बदलतो: थॉमिसस पुल्लिंगी, रुन्सिनिया स्त्रीलिंगी. गावावरून केलेलं -एन्सिस दोन्हींना चालतं. पुरुषाच्या सन्मानार्थ सहसा -आय, स्त्रीच्या -एई. ठाणे-कल्याण परिसरातून २०२१ मध्ये वर्णन झालेल्या उड्या मारणाऱ्या कोळ्याचं नाव आयसियस तुकारामी, २६/११ च्या हल्ल्यात हुतात्मा झालेल्या तुकाराम ओंबळे यांच्यावरून. स्वतःचं नाव देऊ नये. संहिता आडवी येत नाही, पण लोक हसतात. तेच नाव त्या जीनसमध्ये आधी कुणी वापरलंय का, पूर्वी त्या जीनसमध्ये असून नंतर हलवलेल्या जातींसह, कॅटलॉगमध्ये तपासा.

लेख छापून येईपर्यंत नाव कुठेही जाऊ द्यायचं नाही: परिषदेच्या सारांशात नाही, वर्तमानपत्रात नाही, फोटोखाली नाही. आधी फुटलेलं नाव वैध ठरत नाही, पण पुढच्या प्रत्येकाला त्याचा निकाल लावत बसावं लागतं. फक्त इलेक्ट्रॉनिक स्वरूपात निघणाऱ्या नियतकालिकात लेख असेल तर झूबँक या प्राणिनामांच्या अधिकृत ऑनलाइन नोंदवहीतली नोंद छापण्याआधी हवी आणि तिचा उल्लेख लेखात हवा, नाहीतर नाव उपलब्धच होत नाही. पैसे भरताच आठवड्यात छापणाऱ्या नियतकालिकांपासून दूर राहा. तिथे छापलेलं चुकीचं नावही कायमचं मानगुटीवर बसतं, कारण संहिता दर्जा पाहत नाही, तारीख पाहते.

जैवविविधता अधिनियम २००२ च्या कलम ३९ प्रमाणे नवीन जाती सापडली की नियुक्त भांडारसंस्थेला कळवणं आणि तिथे नमुना जमा करणं बंधनकारक आहे. प्राण्यांसाठी भारतीय प्राणी सर्वेक्षण ही अशी संस्था. होलोटाइप कपाटात ठेवून ‘लेखकाच्या संग्रहात’ लिहिणं बंद करावं. नमुना आधी जमा करा, नोंदणी क्रमांक घ्या, तोच क्रमांक हस्तलिखितात आणि बाटलीतल्या लाल लेबलावर घाला, आणि मगच लेख पाठवा. छापून आल्यावर पीडीएफ वर्ल्ड स्पायडर कॅटलॉगला, जमा केलेल्या संस्थेला आणि परवानगी देणाऱ्या वन कार्यालयाला पाठवायची. त्या कार्यालयात पुढचा अर्ज किती लवकर हलतो, हे बऱ्याचदा या शेवटच्या प्रतीवर ठरतं.